पाठ असलेला रस्ता

‘डोळे मिटून गाडी नेईन’ असं म्हणणारे आमच्या घरात तिघे आहेत. एक मी, दुसरा माझा चुलतभाऊ आणि तिसरे काका, ज्यांच्या लायसन्सची मुदत कधीच संपली. डोंबिवली ते राजापूर तालुक्यातली आमची वाडी, साडेतीनशे किलोमीटरहून जास्तीचा रस्ता. कर्नाळ्याच्या चढणीपासून वाटूळच्या फाट्यापर्यंत कुठे गाडी दुसऱ्यात टाकायची, कुठला वडा खायचा आणि कुठला नाही, कुठल्या वळणावर आईला मळमळतं, सगळं पाठ. लहानपणी एसटीच्या खिडकीशी बसून घोकलेलं आणि पुढे स्वतःच्या गाडीतून दरवर्षी उजळणी केलेलं.

2022च्या गणपतीत या पाठांतरानं मला जवळजवळ खड्ड्यात घातलं.

चतुर्थी 31 ऑगस्टला होती. 29 तारखेला दिवसभर ऑफिस करून रात्री साडेनऊला आम्ही निघालो. मी, बायको, आई आणि नऊ वर्षांचा मुलगा. माणगावात दीड तास गेला. पहाटेचे चार वाजले तेव्हा आरवली मागे पडली होती आणि संगमेश्वर यायचं होतं. पाऊस असा, की वायपर काच पुसतोय की नुसताच हात हलवतोय कळू नये. पुढे एक इनोव्हा होती, तिचे लाल दिवे धरून मी चाललो होतो. ती एका हॉटेलकडे वळली आणि मी एकटा उरलो. समोर डावं वळण येणार, मला माहीत होतं. त्यानंतर सरळ पट्टा, तोही माहीत. वळण आलं. पट्टा आला. मी चौथा टाकला.

उजेडात प्लास्टिकचं एक पिंप आडवं पडलेलं दिसलं, लाल-पांढऱ्या रेडियमच्या पट्ट्यांचं. त्याच्यामागे रस्ता जरा जास्तच काळा वाटला. मागून आई म्हणाली, “अरे, पुढे काहीच नाहीये.” ब्रेक मारला. गाडी सरकत, तिरकी होत थांबली. उतरून पाहिलं तर मोरीसाठी खणलेला चर. सात-आठ फूट खोल, तळाशी गढूळ पाणी आणि पाण्यातून वर आलेल्या सळ्या. बंपर आणि चराची कड यांत माझी मिटलेली छत्री जेमतेम मावली असती. वळणरस्ता पन्नास-साठ पावलं मागेच उजवीकडे फुटला होता. बाणाचा फलकही होता, चिखलात पालथा.

पिंप कुणी पाडलं, फलक उभा ठेवायची जबाबदारी कुणाची, यावर वाडीत नंतर पाच दिवस भजनाच्या आधी आणि नंतर चर्चा झाली. ठेकेदाराचा उद्धार झाला, तो व्हायलाच हवा होता. पण मला स्वतःपुरतं एक कळून चुकलं होतं आणि ते मी कुणाला बोललो नाही. त्या सरळ पट्ट्यावर मी रस्ता बघत नव्हतो, आठवत होतो.

*

मुंबई-गोवा महामार्ग हा पाठ करायचा रस्ता राहिलेला नाही, कारण तो दर सहा महिन्यांनी वेगळा असतो. जुना राष्ट्रीय महामार्ग 17, आताचा 66. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. माझा मुलगा त्यानंतर जन्मला आणि 2025 साली सातवीत पोचला. इंदापूरच्या पुढचं काम वेगवेगळ्या ठेकेदारांकडे तुकड्यातुकड्यांनी गेलं. कुणी काम सोडलं, कुणाकडून काढून घेतलं. भूसंपादन अडलं, कोर्टात जनहित याचिका झाल्या, दर गणपतीआधी मंत्र्यांचे पाहणी दौरे झाले आणि प्रत्येक दौऱ्यात एक नवी तारीख मिळाली. त्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी वेगळं काही सांगणार नाही. 2025 साली सरकारनं ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणायचं ठरवलं. नाव बदललं, माणगावचा बायपास तेवढा राहिला.

गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीनं मुद्दा वेगळा आहे. पूर्ण वाईट रस्ता एका अर्थानं प्रामाणिक असतो. खड्डेच खड्डे असले की माणूस आपोआप वीसवर येतो. धोका अर्ध्या झालेल्या रस्त्याचा. सात-आठ किलोमीटर गुळगुळीत काँक्रीट, मध्ये दुभाजक, समोरून कुणी येणार नाही याची खात्री. पाय आपोआप दाबला जातो, खांदे सैल पडतात, मागची माणसं झोपतात. मग अचानक एक बाजू बंद. पुलाचं काम. तुम्हाला उजव्या बाजूच्या रस्त्यावर ढकललं जातं आणि तिथे समोरून येणारी गाडीही त्याच काँक्रीटवर असते. मध्ये दुभाजक नाही, पट्टा नाही, असलाच तर दोरीला बांधलेल्या चार काठ्या. रस्ता दुपदरी झाला, डोकं मात्र अजून चौपदरीच असतं. पुढचा डंपर हळू चाललाय म्हणून कुणीतरी सवयीनं उजवीकडे काढतो. समोरासमोरच्या टकरी होतात त्या अशा जागी.

यावर माझा एक साधा नियम आहे. उजव्या हाताला दुभाजक दिसत नसेल तर समोरून गाडी येतेय असंच धरायचं. दिसो वा न दिसो. ओव्हरटेक बंद.

दुसरी गोष्ट म्हणजे पायरी. नवं काँक्रीट जुन्या डांबरापेक्षा उंच असतं, कधी वीतभर, कधी त्याहून जास्त. साइडपट्टीवर माती भरायची राहून गेलेली असते. एक चाक खाली उतरलं की माणूस घाबरून स्टिअरिंग जोरात ओढतो. चाक पायरीला घासत राहतं, मग एकदम वर चढतं आणि गाडी आडवी रस्त्याच्या पलीकडे फेकली जाते. अशा वेळी ओढायचं नसतं. हळूहळू वेग उतरवायचा, चाक खालीच राहू द्यायचं आणि जिथे पायरी संपते तिथे वर यायचं. दुचाकीला ही सवलत नाही. गणपतीला मोटारसायकलवरून मुंबईहून निघणारी पोरं मी दरवर्षी बघतो, पाठीला सॅक, पुढे टाकीवर मखराचं सामान. त्यांना ही पायरी पावसात दिसतच नाही, कारण पाणी वरच्या आणि खालच्या रस्त्याला एकाच रंगाचं करून टाकतं.

*

रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक कशी वळवायची याचं एक शास्त्र आहे आणि आपल्या देशात ते लिहूनही ठेवलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी 55’ नावाची मार्गदर्शक पुस्तिका. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग केलेत. आधी इशाऱ्याचा पट्टा, जिथे फक्त सांगायचं की पुढे काम आहे. मग वळवण्याचा पट्टा, जिथे पिंपं तिरप्या ओळीत लावून वाहनाला हळूहळू बाजूला सरकवायचं. मग प्रत्यक्ष काम. आणि शेवटी मूळ रस्त्यावर परत सोडण्याचा पट्टा. प्रत्येकाची लांबी वाहनांच्या वेगावर ठरते.

यातला पहिला आणि दुसरा भाग आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गायब असतो. फलक असतो तो कामाच्या तोंडावर: ‘काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा’. म्हणजे घरात शिरल्यावर ‘कुत्र्यापासून सावध’. पिंपांऐवजी चुना फासलेले दगड, वाळूची पोती, कधी झाडाची ओली फांदी. फांदी मात्र मला मनापासून आवडते. ती कुणातरी गावकऱ्यानं किंवा डंपरवाल्यानं स्वतःहून टाकलेली असते. रस्त्यात मधोमध हिरवी फांदी दिसली की समजायचं, इथे कुणीतरी आधी फसलंय.

2019च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना 1 लाख रुपयांपर्यंत दंड. माणसाच्या जिवाची ही किंमत बघून राग येतो. तरी कलम आहे, आणि अपघात झाल्यावर फलक होता की नव्हता याचा फोटो काढून ठेवणं त्यामुळे निरर्थक नाही.

लाल झेंडा घेऊन उभा असलेला पोऱ्या ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत खरी गोष्ट. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं किंवा सिमेंटची फाडलेली गोणी, अंगात हिरवं-पिवळं जाकीट, पायात स्लिपर. बोलतो हिंदीत, कुठल्यातरी लांबच्या गावाहून आलेला. आपण त्याच्याकडे सिग्नलसारखं बघतो, माणसासारखं नाही. खरं तर पुढच्या दोनशे मीटरमध्ये काय आहे हे त्या क्षणी जगात फक्त त्यालाच माहीत असतं. काच खाली करून विचारलं की सांगतो.

*

आता पावसाबद्दल. इथे थोडं गणित करावं लागेल, कारण गणित केल्याशिवाय मला स्वतःलाही ते पटलं नव्हतं.

80च्या वेगानं गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच 33 मीटर संपले. पुढे ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी साठएक मीटर. एकूण नव्वद-पंचाण्णव. आणि डिपरवर, मुसळधार पावसात, तुमच्या दिव्यांना दिसतं किती? चाळीस मीटर दिसलं तरी नशीब. उरलेले पन्नास मीटर तुम्ही आंधळे असता. डोळे मिटून गाडी नेणं म्हणतात ते हेच.

हेच गणित 40च्या वेगाला करा. एकूण अंतर एकतीस-बत्तीस मीटर. म्हणजे जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबते. पावसातल्या रात्री 40चा आकडा हा भित्रेपणाचा आकडा नाही, दिव्यांच्या लांबीचा आहे. मागचा हॉर्न मारत असेल तर डावीकडे घेऊन त्याला जाऊ द्यावं. त्याचे मागचे दिवे आपल्या उपयोगी पडतात. फक्त ते किती लांबून धरायचे, हे मी त्या इनोव्हाकडून शिकलो.

अप्पर लावून पावसात जास्त दिसेल असं वाटतं. उलट होतं. थेंबांवरून उजेड परत डोळ्यात येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. डिपर आणि असले तर फॉग लॅम्प. चारही इंडिकेटर लावून चालत्या गाडीनं पाऊस कापायची जी फॅशन आलीये, तिनं मागच्याला दोन गोष्टी कळत नाहीत: तुम्ही थांबलायत की चाललायत, आणि वळणार आहात का. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

टायरच्या बाबतीत कंजूषपणा करणारे पुष्कळ. स्टीरिओला पंचवीस हजार घालतील, टायर आणखी एक गणपती काढेल म्हणतील. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. तिच्या चरांतून पाणी बाहेर फेकलं जातं म्हणून रबर रस्त्याला टेकतं. चर उथळ झाले की एका वेगानंतर पाणी बाहेर जायला वाट उरत नाही, टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं. लोण्यातून सुरी जावी तसं. त्या क्षणी ब्रेक मारणं ही सर्वांत वाईट गोष्ट. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, चाक सरळ धरायचं आणि टायर पुन्हा रस्ता पकडेपर्यंत श्वास रोखायचा. कायद्यानं किमान खोली 1.6 मिलीमीटर आहे. चरांच्या तळाशी त्याच उंचीचे बारीक उंचवटे कंपनीनेच दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसासाठी तर त्याच्या आधीच संपलेला असतो.

कशेडीचा घाट पूर्वी या प्रवासातला मोठा अध्याय होता, रात्री तीनच्या सुमारास यायचा आणि सगळी गाडी गप्प व्हायची. 2023च्या गणपतीआधी बोगद्याची एक नळी हलक्या गाड्यांसाठी उघडली आणि पाऊण तासाचा घाट दहा-बारा मिनिटांवर आला. घाटाची भीती गेली हे चांगलंच झालं. पण बोगद्याची स्वतःची एक खोड आहे. बाहेरच्या गार पावसातून आत शिरताना काचेवर एकदम बाष्प धरतं, डोळ्यांना उजेड बदलायला वेळ लागतो आणि ओली चाकं कोरड्या जमिनीवर चरचरतात. तोंडाशीच वेग उतरवलेला बरा. आत थांबून सेल्फी काढणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, हा लेख घरातली लहान मुलंही वाचतात.

*

2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला. 1928 साली बांधलेला दगडी कमानींचा पूल. शेजारी नवा पूल होता, पण मुंबईकडे येणारी वाहतूक जुन्यावरूनच चालायची. जयगडहून मुंबईला निघालेली एसटी, राजापूरहून बोरिवलीला निघालेली एसटी आणि एक तवेरा गाडी अंधारात नदीत गेल्या. सुमारे 40 माणसं. एसटीचा सांगाडा सापडायलाही आठवडा उलटला.

राजापूर-बोरिवली ही आमची गाडी. म्हणजे त्या रात्री आमचं कुणी नव्हतं, पण आमच्या वाडीतलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या गाडीनं मुंबईला आलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमधले लोक एकमेकांना विचारत होते, “तुमचं कोणी नव्हतं ना?” आणि ‘नव्हतं’ म्हणताना मान खाली जात होती.

ती आठवण मी इथे उगाच काढत नाही. पूल आहे हे त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षं होता तो. त्या रात्री पूल नसेल अशी शंका यायला कुणालाही कारण नव्हतं, आणि अंधारात, पावसात, पुलाचा तुटलेला कडा आणि ओला डांबरी रस्ता एकसारखेच काळे दिसतात. वाहून गेलेल्या पुलाच्या जागी नवा पूल 165 दिवसांत बांधून 5 जून 2017ला वाहतुकीला खुला झाला. आपल्याला ठरवलं तर जमतं, हे त्यातून दिसलं. बाकीचा रस्ता बघितला की ते आणखीनच टोचतं.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. महाडमध्ये नुसती भुरभुर असताना वर घाटमाथ्यावर ढग रिकामे होत असतात आणि काही तासांनी नदी खाली येते. चिपळूणला वाशिष्ठीचं तसंच. त्यात कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी आणि खाडीतून वर चढणारी भरती. 22 जुलै 2021ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा जोडरस्ताच पाण्यानं नेला आणि महामार्ग तुटला. म्हणून निघताना फक्त आपल्या गावचं नव्हे, घाटमाथ्याचं हवामान बघायचं. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत 64.5 मिलीमीटरपासून पुढे ‘जोरदार’, 115.6च्या पुढे ‘अति जोरदार’ आणि 204.5 मिलीमीटरपासून ‘अत्यंत जोरदार’ असे टप्पे आहेत. साताऱ्याच्या घाट भागाला रेड अलर्ट असेल तर महाड आणि चिपळूणमधून जाणाऱ्यानं तो स्वतःसाठीच आहे असं समजावं.

मोरीवरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. ‘समोरची जीप गेली की’ हे कारण चालत नाही, कारण जीप गेल्यानंतर खालचा भराव जागेवर आहे की नाही ते जीपवाल्यालाही माहीत नसतं. वाहतं पाणी फूटभर झालं की लहान गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. पाणी उतरायची वाट बघण्यात चार तास जातील. जाऊ देत.

आणि दरडी. चौपदरीकरणासाठी डोंगर उभे कापले. आपल्याकडे वर जांभा आणि खाली मऊ, चिकट मातीचा थर. पाणी जांभ्यातून झिरपतं आणि खालची माती साबणासारखी होते. परशुराम घाटात हे सगळ्यांनी पाहिलं. 2022च्या उन्हाळ्यात तिथे कामासाठी महिनाभर रोज दुपारी 12 ते 5 रस्ता बंद ठेवला होता आणि पुढच्या पावसात तरीही माती खाली आलीच. घाटात काय बघायचं? कापलेल्या बाजूनं येणारं पाणी स्वच्छ आहे की एकाएकी लाल झालंय. रस्त्यावर सुपारीएवढे, लिंबाएवढे खडे विखुरलेत का. वरचं झाड नको तेवढं वाकलंय का. यातलं काही दिसलं तर त्या जागी फोटोसाठी, लघवीसाठी, कशासाठीही उभं राहू नये. दरड पाऊस थांबल्यावरही येते, ऊन पडलेलं असताना येते.

*

दरवर्षी आमच्या ग्रुपवर ‘कुठून जायचं?’ हा प्रश्न गोकुळाष्टमीपासून सुरू होतो. खोपोली-पाली-वाकण. पुण्यावरून ताम्हिणी. कराडवरून कुंभार्ली. कोल्हापूरवरून आंबा, अणुस्कुरा, गगनबावडा, फोंडा, आंबोली. प्रत्येकाचा एक घाट ठरलेला आणि त्याबद्दल तो भांडायला तयार. गणपतीच्या पासवर टोलमाफी असल्यामुळे पुणे-कोल्हापूरकडून येणारे वाढलेत.

घाट बदलला म्हणजे धोका टळला असं नसतं, तो नुसता ओळखीचा राहत नाही. वरंधा पावसात बहुतेक वर्षी बंदच असतो. करूळचा घाट 2024च्या जानेवारीत कामासाठी बंद झाला आणि वर्षभराहून अधिक काळ बंद राहिला. मोबाइलच्या नकाशाला हे कधी कळतं, कधी नाही. तो वीस मिनिटं वाचवायला तुम्हाला कुठल्यातरी वाडीच्या साकवावरून घालतो. आणि घाट कुठलाही असो, धोका असतोच. 28 जुलै 2018ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस सहलीला महाबळेश्वरला निघाली होती आणि पोलादपूरच्या वर आंबेनळी घाटात दरीत गेली. वाचला फक्त एक. शनिवारची सुट्टी होती, सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते.

माझ्या मते ‘कुठून’पेक्षा ‘कधी’ला जास्त महत्त्व आहे. चतुर्थी पुढेमागे सरकते. 2020 साली ती 22 ऑगस्टला होती, 2023 साली 19 सप्टेंबरला. चार आठवड्यांचा फरक, म्हणजे ऐन पाऊस आणि ओसरता पाऊस यांतला फरक. पण आपली निघायची पद्धत तीच. ऑफिस करायचं, रात्री जेवून निघायचं, ‘रात्री ट्रॅफिक कमी असतं’. सगळ्यांनीच असं ठरवल्यामुळे ते कमी नसतं. आणि पहाटे दोन ते पाच ही माणसाच्या शरीराची झोपेची वेळ आहे, तिला चहा फसवू शकत नाही. कामाच्या जागी फलक पालथा पडलेला असतो तोही रात्रीच, आणि झेंडेवाला पोऱ्याही त्या वेळी झोपलेला असतो. उजेडी निघून उजेडी पोचणं जमत नसेल तर चिपळूणला मुक्काम करावा. माझे काका याला ‘पैशाची मस्ती’ म्हणतात. 2022नंतर मी ती मस्ती दरवर्षी करतो.

*

आमच्या वाडीतली चित्रशाळा बंद झाल्यापासून मूर्ती आम्ही पेणहूनच घेतो. मागच्या सीटवर मधोमध पाट, पाटाखाली उशी, मूर्तीभोवती गोधडी आणि तिच्यावरून सीटबेल्ट. बेल्ट असा काळजीपूर्वक, की सोंडेला घासू नये. 2022 सालचा माझ्याकडे एक फोटो आहे, पेणमध्येच काढलेला. मूर्ती बेल्टमध्ये घट्ट. तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगा. दोघांनाही बेल्ट नाही.

त्याच गणपतीत, 4 सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. तिथे रस्ता पुलाच्या तोंडाशी अरुंद होतो. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. बातमी टीव्हीवर आली तेव्हा आम्ही गावच्या ओटीवर होतो. आईनं मला तो फोटो पुन्हा दाखवायला सांगितला, बघितला आणि काही न बोलता मोबाइल परत दिला.

आता ती गाडीत बसताना आधी नातवाचा बेल्ट ओढून बघते, मग गणपतीचा, मग स्वतःचा. गाडी बंद पडली तर काय, हेही तिच्याच आग्रहानं ठरलेलं आहे. साइडपट्टीच्या बाहेर घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे, त्रिकोण गाडीच्या पुष्कळ मागे ठेवायचा आणि माणसांनी गाडीत बसायचं नाही, गाडीच्या मागे तर नाहीच; कठड्याच्या पलीकडे, छत्र्या उघडून. 1033 हा महामार्गाचा नंबर, 112 आणि 108 हे नेहमीचे, डॅशबोर्डवर मुलाच्या अक्षरात चिकटवलेले. त्याच्याखाली त्यानं स्वतःहून ‘भूक लागल्यास थांबणे’ असंही लिहिलंय.

2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती. सोमवारी पहाटे साडेपाचला निघालो. माणगावात नेहमीप्रमाणे रांग, पण उजेडातली रांग सुसह्य असते. रात्री चिपळूणला राहिलो आणि मंगळवारी सकाळी आरवलीच्या पुढे तो सरळ पट्टा आला. जुनी मोरी आता काँक्रीटखाली कुठेतरी गेलीय, नेमकी जागा मला ओळखता आली नाही. पुढे निवळीला उड्डाणपुलाचं काम, डावीकडच्या सर्व्हिस रोडला वळवलं होतं. हातखंब्याला, पालीला, लांज्याला तेच. प्रत्येक ठिकाणी चुलतभाऊ फोनवर मागच्या गाडीतून सांगत होता, “इथून डावीकडे घे, मी गेल्याच महिन्यात आलोय.”

गौरी-गणपतीचं विसर्जन करून 3 सप्टेंबरला परत निघालो. पाऊस होताच. निवळीच्या अलीकडे मी सवयीनं त्याच सर्व्हिस रोडसाठी इंडिकेटर दिला. तिथे मातीचा ढीग होता, ढिगावर आडवी हिरवी फांदी, आणि बाण उलट्या बाजूला. इरलं घेतलेला पोऱ्या झेंडा हलवत होता. मी काच खाली केली. पाऊस आत आला, आईच्या साडीवर, रिकाम्या पाटावर.

“आगे क्या है?” मी विचारलं.

तो वाकून सांगू लागला.